मदत हवी आहे: घरशाळेचं सामान. कार्ट भरून बसलोय, काय ठेवू, काय काढू?

अर्धीवही
नमस्कार मंडळी. घरशाळा सुरू करून तीन आठवडे झाले. पुस्तकं आहेत, वह्या आहेत, तरी रोज काहीतरी अडतंच. काल पाऊण तास निव्वळ शोधाशोधीत गेला. आधी पट्टी, मग खोडरबर, मग परत पट्टीच. आता वैतागून एकदाच काय ते मागवायचं ठरवलंय. कार्टमध्ये सध्या आहे: लॅमिनेटर, मोठा व्हाइटबोर्ड, रंगीत प्रिंटर, १२०० पट मोठं दाखवणारा मायक्रोस्कोप, ग्लोब, टॅबलेट, गणिताचे लाकडी ठोकळे. सगळं परवडणार नाही. ऑर्डर आज रात्री टाकायची आहे. घरशाळा करावी की करू नये यावर कृपया कोणी लिहू नका, तो निर्णय झालाय. फक्त यादी सांगा.

गोगलगाय
ताई, मुलं किती? वयं काय?

शंकेखोर
आणि घरात आधीचा प्रिंटर आहे का? बसायला वेगळी खोली आहे का? 'रोज काहीतरी अडतं' म्हणजे नेमकं काय अडतं? ताप आलाय एवढंच सांगून औषध मागण्यासारखं झालं हे.

भटकाचष्मा
निर्णय झालाय म्हणता म्हणून काही बोलत नाही, पण मुलांना बरोबरीची मुलं भेटणार कुठे याचा विचार केलाय का? भांडण करायला तरी कोणीतरी लागतंच ना.

अर्धीवही
@भटकाचष्मा, धाग्यातली शेवटून दुसरी ओळ वाचावी ही विनंती.

टोनरवाला
रंगीत प्रिंटर आधी काढा. डोळे मिटून काळापांढरा लेझर घ्या. इंकजेट काही आठवडे बंद राहिला की नोझल, म्हणजे शाई सोडणारी बारीक छिद्रं, सुकतात, मग हेड क्लीनिंग करा, त्यातही शाईच जाते. अर्धी शाई पानावर आणि अर्धी साफसफाईत. टोनर म्हणजे कोरडी पूड, ती सुकणार काय कपाळ? दोन्ही बाजूंनी आपोआप छापणारा बघा, कागद निम्मा लागतो. आमच्याकडे घरशाळेला सहा वर्षं झाली, प्रिंटर तोच आहे.

निळीदौत
टोनरवाले प्रत्येक धाग्यावर हेच डकवतात. कोणी सायकलीबद्दल विचारलं तरी लेझर घ्या म्हणतील. टाकीत शाई भरायचे प्रिंटर येऊन जमाना झाला. घरशाळेत रोज चार पानं छापली जातातच, सुकायला वेळ मिळतो कुठे? आणि नकाशे काय काळेपांढरे छापणार? नदी कुठली नि सीमा कुठली, कळत नाही.

टोनरवाला
नदी मुलानेच निळी करायची असते, तोच तर भूगोल. शिवाय लेझरच्या पानावर जलरंग फिरवला तरी अक्षर फुटत नाही, टोनर उष्णतेने कागदाला चिकटलेला असतो. तुमच्या डाय (पाण्यात विरघळणाऱ्या) शाईवर हायलायटर फिरवून बघा, पिवळ्याचा हिरवा चिखल होतो.

निळीदौत
पिगमेंट शाई नावाची गोष्ट असते, बारीक रंगकणांची, ती पाण्यात विरघळत नाही. बऱ्याच टाकीवाल्यांत काळी तीच येते.

शंकेखोर
धागाकर्तीने अजून मुलांचं वय सांगितलेलं नाही. तुमचं चालू द्या.

अर्धीवही
मी बाबा आहे. (ताई म्हटलेलं चालेल, पण सांगून ठेवतो.) दोन मुलं. मुलगा ११, मुलगी ६. प्रिंटर आहे, इंकजेटच, पण छापलं की आडव्या पांढऱ्या रेघा येतात, म्हणून नवा घेतोय. बायको बाहेर नोकरीला, मी घरून काम करतो. जागा म्हणजे जेवणाचं टेबल, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला दोघं. हे सगळं यादीसाठी लागेल असं वाटलं नव्हतं. मुलाचं मुलगा बघतो, तो एकदा वाचत बसला की तासभर नसतो. अडतंय ते मुलीचं. दोन मिनिटं बसत नाही. आणि गणितात आकडे उलटे लिहिते. कोणीतरी म्हणालं ठोकळे घ्या, म्हणून ठोकळे.

निळीदौत
आडव्या रेघा म्हणजे काही नोझल बंद आहेत, प्रिंटर मेला नाही. आधी नोझल चेकचं पान काढा, मग क्लीनिंग एकदा, फार तर दोनदा, मग काही तास तसाच ठेवून परत चेक. लागोपाठ दहा वेळा क्लीनिंग करू नका, वाया गेलेली शाई आतल्या पॅडमध्ये साठते आणि ते भरलं की प्रिंटर खरोखरच संप करतो. सुरू झाला तर दर आठवड्याला एक रंगीत पान छापत जा, बस्स. नवा कशाला?

टोनरवाला
यावर मात्र सहमत. आधी दुरुस्त होतो का बघा.

काडीगठ्ठा
आकडे उलटे म्हणजे कसे? २ चा आरसा काढते, की ३९ ला ४९ लिहिते? दोन्हींचं औषध वेगळं.

अर्धीवही
दुसरं. एकोणचाळीस म्हटलं की ४९. एकोणसाठ म्हटलं की ६९. रोज. इंग्रजीत विचारलं की बरोबर लिहिते.

काडीगठ्ठा
मग मुलीचं काही चुकत नाहीये हो, तिचा कान बरोबर आहे! तिला 'चाळीस' ऐकू येतं, ती ४ लिहून मोकळी होते. ठोकळे राहू द्या. शंभर काड्या घ्या, कसल्याही, आणि केसांची रबरबँडं. दहा-दहाचे गठ्ठे बांधायला तिलाच लावा. मग म्हणा, चाळीस दे. ती चार गठ्ठे देईल. आता म्हणा, यातली एक काडी मला दे. तिला गठ्ठा सोडावा लागतो, रबर काढावं लागतं, हातात नऊच उरतात आणि मागे तीन गठ्ठे. एक उणे चाळीस, तेच एकोणचाळीस. हे तिने स्वतः सोडून पाहिलं पाहिजे. माझ्या धाकट्याने एकोणसत्तरला गठ्ठा सोडला आणि 'अरे, हा साठातलाच आहे' म्हणाला. (मग सगळ्या काड्या सोफ्याखाली गेल्या, ती गोष्ट वेगळी.)

रंगपट्टी
काड्या ठीक आहेत, पण त्यात मूल मोजतच बसतं. मी म्हणेन क्विझनेअर पट्ट्या घ्या. बेल्जियममधल्या जॉर्ज क्विझनेअर नावाच्या शिक्षकाने काढलेल्या. पांढरी १ सेंटिमीटरची, लाल २, पिवळी ५, केशरी १०. पट्टीवर खुणा नसतात, संख्या म्हणजे लांबी. ७ आणि ३ शेजारी ठेवले की केशरीएवढे होतात, ते डोळ्यांनाच दिसतं. आमच्याकडे अपूर्णांकापर्यंत याच चालल्या, म्हणजे तुमच्या ११ वर्षांच्यालाही उपयोगी.

काडीगठ्ठा
केशरी पट्टी सोडून तिच्यातली एक काढता येते का? नाही ना. इथे तिला दशक *फोडायचा* आहे.

रंगपट्टी
केशरी देऊन दहा पांढऱ्या घ्यायच्या. त्याला अदलाबदल म्हणतात, पुढे हातच्याच्या वजाबाकीत तेच कामाला येतं.

काडीगठ्ठा
अदलाबदल म्हणजे मूल आपल्यावर विश्वास ठेवून घेतं. गठ्ठा सोडताना विश्वासाचा प्रश्नच नाही.

मणीमोती
दोघांचंही मधलं हवं असेल तर माँटेसरीचे सोनेरी मणी आहेत. सुटा मणी, दहाची तार, शंभरचा चौकोन, हजाराचा घन. हजाराचा घन हातात घेतला की वजनच सांगतं.

शंकेखोर
बजेट मर्यादित आहे, त्यांनी पहिल्याच प्रतिसादात... असो.

रंगपट्टी
विकत नको तर घरी करा. जाड पुठ्ठ्यावर १ सेंटिमीटरच्या चौकटींचा कागद चिकटवून कापा. फक्त नेटवरून छापणार असाल तर प्रिंटच्या खिडकीत 'फिट' काढून १०० टक्के निवडा. मी एकदा लेटर आकाराच्या (अमेरिकेतल्या) पानावरची पट्टी ए४ वर 'फिट' करून छापली. लेटर २१६ मिलिमीटर रुंद, ए४ २१०, त्यामुळे सगळंच जरासं आकसलं. मुलगी पेन्सिल मोजत होती, कागदी पट्टीवर १५.५ आणि प्लास्टिकच्या पट्टीवर १५. अर्धा तास वाद, दोघीही आपापल्या जागी बरोबर.

भिंगरी
मायक्रोस्कोपबद्दल कोणीच बोलेना म्हणून लिहिते. १२०० पट लिहिलेला खेळण्यातला अजिबात घेऊ नका. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकात हजार पटीच्या पुढे नवा तपशील जवळपास दिसतच नाही, फक्त धूसर चित्र मोठं होतं. आणि खेळण्यातल्या भिंगांची कुवत त्याच्या कितीतरी अलीकडेच संपते. १० पटीचा आयपीस (डोळ्याकडचं भिंग) आणि ४, १०, ४० च्या वस्तुभिंगांचा (वस्तूकडच्या भिंगांचा) साधा पण भक्कम घ्या, ४०० पट पुरे. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी १०० लाच स्पष्ट दिसतात. तोही आत्ता नको म्हणत असाल तर फोल्डस्कोप आहे, स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या प्रयोगशाळेतला, कागद घडी घालून करायचा, १४० पट. आणि सहा वर्षांच्या मुलीला तर हातातलं भिंगच द्या. एक डोळा मिटून आयपीसमध्ये बघणं त्या वयात जमत नाही, ती पापण्याच बघत बसते.

भटकाचष्मा
ग्लोब मात्र हवाच. सपाट नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका साधारण चौदा पट मोठी.

अर्धीवही
हे पहिल्यांदाच कामाचं बोललात. ग्लोब राहू दे.

टोकयंत्र
कोणीही न सांगितलेली एकमेव आवश्यक वस्तू: टेबलाला पकडणारं, हँडल फिरवायचं टोकयंत्र. बाकी सगळं चैन आहे.

निळीदौत
+१

मणीमोती
+१. सकाळी दहा पेन्सिली टोक करून पेल्यात ठेवायच्या. टोक करायला उठणं हाच मुलांचा सगळ्यात मोठा बहाणा.

टोकयंत्र
आणि एचबी नाही, लहान मुलीला २बी, म्हणजे मऊ शिशाची. हात कमी दाबावा लागतो.

टोनरवाला
२बी ची शिसं फुटतात.

टोकयंत्र
पेन्सिल पडल्याने फुटतात. पेल्यात ठेवा म्हटलंय ना.

गोगलगाय
बाबा, (ताई मागे घेते), एक विचारायचं राहिलं. मुलगी दोन मिनिटं बसत नाही म्हणता. ती बसते कशावर? जेवणाच्या टेबलाची खुर्ची ना? पाय जमिनीला लागतात का?

अर्धीवही
मोठ्यांचीच खुर्ची. पाय लोंबकळतात. त्याचा काय संबंध? जेवताना बसतेच की.

गोगलगाय
जेवताना तरी बसते का, की मांडी घालते, गुडघ्यावर उभी राहते, एक पाय दुमडते? पाय अधांतरी असले की मांडीखाली खुर्चीची कड रुतते, कंबर घसरत पुढे येते आणि तोल सांभाळायलाच सगळी ताकद जाते. तळवे टेकलेले, गुडघे काटकोनात, कोपर टेबलाच्या उंचीला, एवढं जुळलं पाहिजे. पायाखाली एक खोकं ठेवा, हलू नये म्हणून आत जुनी मासिकं भरा. टेबल छातीशी येत असेल तर बुडाखालीही काहीतरी घट्ट ठेवा, मऊ उशी नको. मी दोन महिने माझ्या मुलाला चंचल म्हणत होते. त्याचे पाय चार बोटं वर होते.

अर्धीवही
थांबा, बघून येतो.

शंकेखोर
तोवर व्हाइटबोर्डचं: मोठा भिंतीवरचा काढा. दोन हातात धरता येतील असे लहान घ्या, प्रत्येकाला एक. मोठ्या बोर्डावर फक्त बाबा लिहितात. मार्कर आडवे ठेवायचे, टोक वर करून उभे ठेवले की शाई तळाला बसते.

निळीदौत
अवांतर: चुकून पर्मनंट मार्करने लिहिलं गेलं तर त्यावर बोर्डाच्याच मार्करने गिरवा आणि लगेच पुसा, दोन्ही निघतं.

भटकाचष्मा
लॅमिनेटर कशाला हवाय पण?

मणीमोती
पहिल्या आठवड्यात आम्ही वेळापत्रक लॅमिनेट केलं होतं. दुसऱ्या आठवड्यात वेळापत्रक बदललं. पारदर्शक फोल्डरमध्ये पान सरकवा आणि वरून मार्करने लिहा, काम तेच.

रंगपट्टी
शोधाशोधीसाठी एक. सामान वस्तूनिहाय लावू नका, माणसानिहाय लावा. प्रत्येकाचा एक ट्रे: त्याची पट्टी, त्याचं खोडरबर, त्याची आजची दोन पुस्तकं. दिवस संपला की ट्रे उचलून कपाटात, टेबल जेवायला मोकळं. सामायिक पट्टी नावाची वस्तू जगात टिकत नाही.

अर्धीवही
आलो. ती झोपलीय, म्हणून खुर्चीवर मीच तिच्या उंचीएवढं खाली घसरून बसून पाहिलं. टेबल हनुवटीशी येतं. तीन आठवडे ती हनुवटीच्या उंचीवर लिहितेय आणि मी समोर बसून 'नीट बस' म्हणतोय. खोक्यात मासिकं भरली, खुर्चीवर दोन जाड जुने शब्दकोश बांधून ठेवले. उद्या कळेल.

कार्टमधून काढलं: प्रिंटर (नोझल चेकमध्ये पिवळाच गायब आहे, बाकी ठीक), मोठा बोर्ड, लॅमिनेटर, मायक्रोस्कोप, ठोकळे. ठेवलं: ग्लोब. घातलं: लहान बोर्ड दोन, ट्रे दोन, भिंग, रबरबँडं, टोकयंत्र.

टोकयंत्र
जय हो.

शंकेखोर
आणि टॅबलेट?

अर्धीवही
टॅबलेटचं मुलाला विचारलं. तो म्हणाला, 'मला नको, तिला दिला तर मात्र मलाही हवा.' म्हणून काढला.

अर्धीवही (दुसऱ्या दिवशी)
अठरा मिनिटं बसली. मोजली. मग उठून शब्दकोश उघडून बघितला आणि 'बाबा, मी कशावर बसलेय ते मला वाचता येत नाही' म्हणाली. गठ्ठे बांधून झालेत, अजून सोडलेले नाहीत. एक काडी मोडली, त्यामुळे शंभराच्या नव्व्याण्णव झाल्या. तिने त्या नव्व्याण्णवच लिहिल्या, बरोबर.

काडीगठ्ठा
नव्व्याण्णवला फसत नाही, तो शब्द 'एकोण'ने सुरू होत नाही. एकोणनव्वद विचारा.

अर्धीवही
९९ च लिहिलं.

काडीगठ्ठा
सोडा आता गठ्ठा.