दिल्लीत रविवार-सोमवार, सोबत आई : कोणतं म्युझियम पाहावं?

कपाशीवाला_आर्वी
हरिद्वारहून येताना शनिवारी रात्री दिल्लीत उतरतो, परतीची गाडी सोमवारी रात्री. सोबत आई अन् दहावीतली पोरगी. आईचे गुडघे गेलेले, पोरीले इतिहासाचं भारी वेड. यादी काढाले बसलो तर पानभर म्युझियम निघाले! रविवारी लाल किल्ला अन् बाजार, सोमवारी म्युझियम, असा बेत हाये. जमते का? कोणतं धरू, कोणतं सोडू?

रामटेकचा_वेल्डर
बेत उलटा करा भाऊ. सोमवारी राष्ट्रीय संग्रहालय बंद, लाल किल्ला बंद, बाकीचेही बहुतेक बंद. त्या दिवशी कुतुबमिनार नाहीतर हुमायूनची कबर पाहा, ते उघडे राह्यतात. रविवार म्युझियमले द्या, अन् एकच धरा : जनपथवरचं राष्ट्रीय संग्रहालय. मेट्रोचं केंद्रीय सचिवालय स्टेशन जवळ पडते. आईसाठी आत व्हीलचेअर मागा, लाजू नका.

मी तिथं गेलो ते एका मूर्तीसाठी. आमच्या मनसरच्या हिडिंबा टेकडीवर १९७२ साली एक शिव सापडला, तो तिथं नेऊन ठेवला हाये. वाकाटकांच्या काळातला, पाचव्या शतकातला. ठेंगणा, पोट सुटलेला, केसात फुलं माळलेली अन् चेहऱ्यावर हसू. लग्नात पंगती उठल्यावर मांडवात टेकून बसलेला मामा असते ना, तसा. लोकं मोहेंजोदडोची नाचणारी पोरगी पाहाले पळतात अन् याच्यापुढून तसेच निघून जातात. मले त्याचा राग येते. पाट्यांवर मनसर नाव शोधत फिरा.

ती नाचणारी पोरगीही पाहाच. फोटोत हातभर वाटते, असते साडेदहा सेंटिमीटर. चार हजारांवर वर्षं झाली तिले. मेणाची बाहुली केली, वरून माती लिंपली, तापवली, मेण वाहून गेलं, त्या पोकळीत धातू ओतला. बस्तरकडले कारागीर आजही असंच ओततात. मी रोज लोखंडात हात काळे करतो म्हणून सांगतो, एवढ्याशा जिवात कमरेवर ठेवलेला तो बारीक हात ओतून काढणं खेळ नाही बाप्पा. काचेपुढं पोरीले जरा थांबवा.

वरोऱ्याची_सून
दादा, मनसरच्या शिवाचं मला माहीतच नव्हतं. पण एकच धरा म्हणता, ते पटलं नाही. त्याच संग्रहालयात पिपरहवाला सापडलेल्या बुद्धांच्या अस्थी आहेत, थायलंडनं दिलेल्या सोनेरी मंडपात. आमच्या सासूबाई तिथून हलेनात, शेवटी नवऱ्यानं मागे राहून त्यांच्याजवळ बसायचं ठरलं अन् आम्ही बाकीचं पाहून आलो. (नवऱ्यालाही तेच हवं होतं, नाणी पाहून तो कंटाळला होता.)

तिथून मेट्रोच्या पिवळ्या लाइननं सिव्हिल लाइन्सला उतरा अन् २६, अलीपूर रोड गाठा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा दिली अन् ६ डिसेंबरला बाबासाहेब याच जागी गेले. मधे दोन महिनेही नाहीत. आता तिथं उघडलेल्या संविधानाच्या आकाराची इमारत आहे, २०१८ ला झालेली. दीक्षाभूमी पाहिलेल्या माणसानं हे सोडू नये.

पुसदचा_म्हातारा
अस्थी मधेमधे प्रदर्शनासाठी बाहेर नेतात. जायच्या आधी चौकशी करा.

कास्तकार आहा तर पुसाचं राष्ट्रीय कृषी विज्ञान संग्रहालय कसं कोणी सांगत नाही? आणि चाणक्यपुरीचं रेल्वे म्युझियम. तिथं पतियाळाची एकाच रुळावर चालणारी गाडी आहे. आमच्या विदर्भातल्या शकुंतला रेल्वेला निदान दोन रूळ होते.

अन् पोरीला एवढं वेड आहे तर नागपूरचा अजब बंगला, म्हणजे तिथलं मध्यवर्ती संग्रहालय, दाखवला का? १८६३ पासून उभा आहे. दिल्ली काय पळून जाते?

कपाशीवाला_आर्वी
सगळ्यायचे आभार. रविवारी सकाळी संग्रहालय, दुपारून अलीपूर रोड. लाल किल्ला बाहेरूनच पाहू. पुसा राह्यलं काका, आईच्यानं एवढं होणार नाही. वेल्डरभाऊ, तो शिव कितव्या मजल्यावर हाये?

रामटेकचा_वेल्डर
दगडी मूर्त्या तळमजल्यावर, हडप्पाही तळमजल्यावरच. ते दोन झाले की आईले बाकावर बसवा अन् पोरीले एकटीले वरच्या मजल्यावर सोडा.