युद्धाच्या सिनेमात हसवलेलं चालतं का? ('लाइफ इज ब्युटिफुल'वरून वाद)

कुडाळचो झील
परवा गावी होतो, पाऊस धो धो, लाईट तीनदा गेली, तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर 'लाइफ इज ब्युटिफुल' पुन्हा अख्खा बघितला. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, १९९७ चा इटालियन सिनेमा, दिग्दर्शक रोबेर्तो बेनिन्यी आणि बापाचं कामही त्याचंच. ग्विदो हा ज्यू माणूस, बायको दोरा, छोटा पोरगा जोझुए, तिघं छळछावणीत जातात आणि तिथे बाप पोराला सांगतो की हा सगळा खेळ चाललाय, हजार पॉइंट झाले की खराखुरा रणगाडा बक्षीस. पुढे शेवट पण येणार आहे, तेव्हा सांभाळून वाचा.
भावाशी याच्यावरून भांडण झालं. तो म्हणतो, माणसं मरतायत तिथे विनोद कसला करता. मला ते पटत नाही. हा विनोद छावणीवर नाहीये, बापाच्या हातात पोराला वाचवायला दुसरं काही उरलंच नाही म्हणून तो हसवतोय. जर्मन शिपाई नियम ओरडून सांगतो, ग्विदोला जर्मनचा ज येत नाही तरी दुभाष्या म्हणून पुढे होतो आणि पोराकडे बघत सांगतो, जो रडेल त्याचे पॉइंट कापणार, आई पाहिजे म्हणेल त्याचे कापणार, खाऊ मागेल त्याचे पण. मी हसत होतो आणि पोटात गोळा आला होता, दोन्ही एकदम. नुसत्या रडक्या सिनेमात असं होत नाही.

जुनी पेठ रत्नागिरी
तोच सीन घ्या ना. त्या खोलीत आणखी कितीतरी कैदी उभे आहेत, त्यांना खरे नियम कळणं म्हणजे जीव वाचण्याचा प्रश्न, आणि ग्विदोने त्यांना काय सांगितलं तर खाऊचे पॉइंट. ती माणसं नुसती मागे उभी करायला आणलीत. आउशविट्झच्या खऱ्या छळछावणीत बहुतेक लहान पोरं गाडीतून उतरल्या उतरल्या थेट गॅसकडे गेली, इथे पोरगा बराकीत लपून राहतो. प्रेतांचा ढीग एकदा दिसतो, तोही धुक्यात. चॅप्लिनने १९४० मध्ये हिटलरची टर उडवणारा 'द ग्रेट डिक्टेटर' काढला, आणि नंतर आत्मचरित्रात स्वतः लिहिलं की छावण्यांतलं खरं भीषण रूप तेव्हा माहीत असतं तर हा सिनेमा करता आला नसता. विनोदाचा एवढा मोठा माणूस असं म्हणतो तर आपण थोडं थांबून विचार करायला हवा.

कुडाळचो झील
बाकीच्या कैद्यांचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पण छावणी काय असते ते बेनिन्यीला माहीत होतं. त्याचे वडील स्वतः जर्मनांच्या छावणीत दोन वर्षं होते आणि घरी पोरांना ते सगळं हसत हसत सांगायचे, पोरं घाबरू नयेत म्हणून. तिथून आलाय हा सिनेमा. आणि आपल्याकडे दशावतारात संकासुर मालवणीत बोलून अख्खं देऊळ हसवतो आणि मग विष्णूच्या हातून मरतो, आपल्याला कधी खटकलं का?

जुनी पेठ रत्नागिरी
संकासुर राक्षस आहे हो. तो मेला म्हणून कुणाच्या घरचं माणूस गेलं नाही.

अलिबाग वेस
मी लहानपणापासून इस्राएल आळीतून शाळेत गेलेय. बेने इस्राएल म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू लोक, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली, घरी मराठी बोलणारे, त्यातले बरेच नंतर इस्रायलला गेले. त्यामुळे तो दुकानावरच्या पाटीचा सीन मला सगळ्यात जास्त लागला. 'ज्यू आणि कुत्र्यांना प्रवेश नाही', पोरगा विचारतो का म्हणून, बाप म्हणतो ज्याची त्याची आवड, आपण पण आपल्या दुकानावर लिहू, कोळ्यांना (आठ पायांच्या) आणि व्हिसिगॉथांना (जुन्या काळची एक टोळी) बंदी. माझा मुलगा खदाखदा हसला. मग रात्री झोपताना विचारलं, आई ती पाटी खरी होती का. मी सांगितलं, हो, अशी माणसं होती. इटलीत १९३८ लाच ज्यूंविरुद्ध कायदे झाले होते, ते पण सांगितलं.
मला वाटतं पोराला कधीतरी खरं कळायलाच पाहिजे, म्हणून मला 'जोजो रॅबिट' (२०१९) जास्त आवडतो. त्यातली आई पण हसरी, नाचरी, घरात ज्यू मुलगी लपवलेली, आणि मग चौकात तिच्या पोराला, जोजोला, फाशी दिलेल्या आईचे बूट दिसतात. तो सुटलेली नाडी बांधायला जातो आणि त्याला ती बांधता येत नाही. तिथे त्याच्यापासून कुणी काही लपवत नाही. ग्विदो मात्र शेवटी मरायला जाताना पण पोराला डोळा मारून ऐटीत चालून दाखवतो.

देवगडची माई
सगळे बापाबद्दलच बोलतायत. दोरा ज्यू नव्हती, तिला कुणी नेत नव्हतं. ती स्वतः अधिकाऱ्याला सांगते की मला पण या गाडीत चढू द्या. मला तिथेच रडू आलं, आणि त्यात विनोद औषधाला पण नाही.

माणगाव खालची वाडी
आमच्या तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे, पाचवी मराठा पलटण, १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना गेले, वय २२, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सिनेमात ग्विदो राहतो ते आरेत्सो शहर त्याच बाजूला. आमचे पणजोबा पण त्याच लढाईला इटलीत होते आणि परत आले नाहीत. तार आली तेव्हा आजोबा सहा वर्षांचे. पणजीने पोरांना सांगितलंच नाही, साहेब सुट्टी देत नाही, पुढच्या शिमग्याला येतील, असं वर्षभर चाललं, आणि मास्तर वाचून दाखवायचे त्या जुन्याच पत्रात रोज नवीन गंमत घालायची, आज बाबांनी बर्फ खाल्ला, आज बाबांचा बूट खेचराने पळवला. आजोबांनी मला हे त्यांच्या ऐंशीच्या वर्षी सांगितलं. म्हणाले, मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, चुलत्यांचं बोलणं ऐकलं होतं, पण आई सांगताना हसायची म्हणून मी पण हसायचो.
तेव्हापासून मी जोझुएकडे वेगळ्या नजरेने बघतो. एकदा तो बापाला सांगतोच की इथे माणसांची बटणं आणि साबण करतात. बाप उडवून लावतो आणि पोरगा ऐकतो.

जुनी पेठ रत्नागिरी
तुमच्या पणजीबद्दल माझ्या तोंडून एक शब्द निघणार नाही. पण तिने हे आपल्या पोरांसाठी केलं, चूल पेटत ठेवून. सिनेमा तेच तिकीट काढून बसलेल्या माणसासाठी करतो, आणि तो सुखाने घरी जातो. माझा विरोध तिथे आहे.

कुडाळचो झील
मी नाय गेलंय सुखान. रात्रभर पागोळ्यांचो आवाज ऐकत पडलंय. माणगाववाले, ती पत्रं अजून आहेत का घरी?

माणगाव खालची वाडी
एक आहे. घडीवर फाटलंय. पणजोबांनी त्यात फक्त भाताची लावणी झाली का एवढंच विचारलंय.