रविवारी साइट, पाडव्याला सेल्स ऑफिस, आणि म्हणे समतोल आयुष्य!

हिशेबी_माणूस (धागाकर्ता):

परवा इथे 'स्वतःचा_बॉस' यांनी लिहिलं की आयटी सोडून इस्टेट एजंट झालो आणि आता माझं आयुष्य समृद्ध आणि समतोल आहे. पहाटे पाचला उठणं, ध्यान, दिवसाला चार तास काम, संध्याकाळ घरच्यांची, वर्षाला एक परदेशवारी. खाली पोरं विचारतायत, 'दादा, सुरुवात कशी करायची?' ती पोरं भरल्या ताटावरून उठतील म्हणून लिहितोय. नाहीतर दुसऱ्याच्या ध्यानाशी मला काय करायचंय?

मी पुण्याकडच्या वाकड, पुनावळे, रावेत या पट्ट्यात धंदा करतो, रेरा (घरविक्रीवर लक्ष ठेवणारा कायदा) यायच्या आधीपासून. चार तास? कुठले चार? आमचं गिऱ्हाईक हिंजवडीत नोकरीला, त्याला घरं बघायला सवड शनिवार-रविवारी. म्हणजे जगाला सुट्टी तेव्हा आमचा बाजार. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा हे दिवस बिल्डरच्या सेल्स ऑफिसात उभं राहून काढायचे, कारण लोक बुकिंग मुहूर्तावर करतात. घरचं श्रीखंड रात्री दहाला. खरी उसंत मिळते ती पितृपक्षात, तेव्हा कोणी टोकनच देत नाही. आमचा समतोल हा असा पितरांच्या कृपेने.

आता 'समृद्ध'कडे वळू. 80 लाखांचा फ्लॅट विकला, बिल्डर 2 टक्के देतो असं धरा. 1 लाख 60 हजार. ऐकायला झकास. पण मिळणार कधी? बिल्डरला 10 टक्क्यांच्या वर पैसे घ्यायचे तर आधी करारनामा नोंदवावा लागतो. मग तो आम्हाला सांगतो, आधी करारनामा होऊ दे. तो झाला की, बँकेचा पहिला हप्ता येऊ दे. तो आला की, अकाउंट्सवाला रजेवर आहे. गिऱ्हाईक दुसऱ्या सीपीने (चॅनल पार्टनर, म्हणजे बिल्डरसाठी विकणारा एजंट) आणलं असेल तर निम्मे त्याचे. मध्येच लोन नामंजूर झालं तर सगळंच मुसळ केरात, पेट्रोल आपलं. दसऱ्याला केलेल्या बुकिंगचे पैसे गुढीपाडव्याला दिसले तरी नशीब म्हणायचं, तेही टीडीएस कापून. तोवर पोर्टलचं पॅकेज, गाळ्याचं भाडं आणि फोन करणाऱ्या मुलीचा पगार दर महिन्याला जातच असतो.

घरात दुसरा पगार नाही आणि गाठीला वर्षभराचा खर्च नाही, त्याने यात उडी मारू नये. ध्यान नंतर करा.

भाडेकरू_कायमचा:

वाचून डोळे पाणावले. आता समृद्धी कोणाच्या खिशातून येते तेही लिहा. बाणेरला फ्लॅट भाड्याने घेतला तेव्हा एजंटने माझ्याकडून एक महिन्याचं भाडं घेतलं, मालकाकडूनही एक महिन्याचं. चला, ठीक. पुढे अकरा महिन्यांनी तोच फ्लॅट, तोच मालक, तोच मी, आणि हे साहेब पुन्हा अर्ध्या भाड्यासाठी दारात. म्हणे रिन्यूअल आहे. अहो, पण केलंत काय तुम्ही? भिंती नव्याने बांधल्या?

स्वतःचा_बॉस:

माझ्या नावाने धागा निघालाय म्हणून उत्तर देतो. मी भाड्याची कामं करत नाही, तेव्हा वरच्या साहेबांनी आपला राग दुसरीकडे काढावा. मी फक्त रिसेल, म्हणजे जुन्या घरांची विक्री करतो आणि मोजके दोन-तीन प्रोजेक्ट. लोनची पात्रता तपासल्याशिवाय कोणालाही गाडीत बसवत नाही. 'सहज बघायला आलो होतो'वाल्यांना सरळ नाही म्हणतो. सोमवारी फोन बंद. चार तास म्हणजे गिऱ्हाइकासमोरचे चार तास. तुमच्यासारखे जुने लोक वीस बिल्डरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपात बसून रात्री बारालाही 'लास्ट 3 युनिट्स' पुढे ढकलतात आणि मग वेळ नाही म्हणून रडतात. धंद्याला नावं ठेवण्याआधी स्वतःची शिस्त बघा. ही निव्वळ कंगाल मानसिकता आहे.

हिशेबी_माणूस:

'गिऱ्हाइकासमोरचे' हा शब्द पोस्टमध्ये नव्हता, आज उगवला. कागद बघणं, सोसायटीची एनओसी, जुनं लोन फेडून बंद करायचं बँकेचं पत्र, निबंधकाकडे नंबर लावणं, हे कोण करतं? भुतं?

आणि तुमच्याच पोस्टप्रमाणे तुम्ही धंद्यात आलात 2020 च्या दिवाळीत. सरकारने त्या सप्टेंबरपासून मुद्रांक शुल्क 3 टक्क्यांनी कमी केलं होतं, जानेवारी ते मार्च 2021 मध्येही सवलत 2 टक्क्यांची होती. लोक निबंधक कार्यालयाबाहेर रांगा लावून उभे होते. त्या पुरात ओंडकेसुद्धा पोहले. शिस्तीचं मला सांगू नका.

स्वतःचा_बॉस:

ओंडका कोणाला म्हणताय? जरा तोंड सांभाळून.

डोंबिवलीची_ताई:

तुम्हा दोघांचं चालू द्या, पण दोघांनाही धंदा म्हणजे फ्लॅट विकणं एवढंच दिसतं, याची गंमत वाटते. मी डोंबिवली पूर्वेला फक्त भाड्याची कामं करते. ठरलेल्या सात-आठ सोसायट्या, त्यातले मालक ओळखीचे. मुलगा शाळेत असतो तेव्हा सकाळी फ्लॅट दाखवते, संध्याकाळी नोकरदार लोक लोकलने परत आले की दोन तास. रात्री नऊनंतर फोन घेत नाही. ज्याला साडेदहालाच किल्ली हवी असते तो दुसऱ्याकडे जातो, जाऊ दे. नवीन प्रोजेक्टच्या वाटेला जात नाही, त्यामुळे बिल्डरच्या मागे पैशासाठी फिरावं लागत नाही. करार झाला, किल्ली दिली, दलाली हातात. परदेशवारी नाही, पण गणपतीत सगळे दिवस चिपळूणला असते आणि तिथे कोणाचा फोन घेत नाही. याला समतोल म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

हिशेबी_माणूस:

ताई, घरात नवऱ्याचा पगार येत असेल तर नऊला फोन बंद करणं सोपं असतं.

डोंबिवलीची_ताई:

वाटच बघत होते, हे वाक्य कधी येतंय. माझ्या नवऱ्याची कंपनी बंद पडली आणि त्यानंतर बराच काळ तो घरी होता. त्या काळात सोसायटीचा मेंटेनन्स, मुलाची फी, सासूबाईंची औषधं याच 'सोप्या' दलालीतून भरली. फोन तेव्हाही नऊलाच बंद व्हायचा. तुमच्याकडे बाई धंदा करते म्हटलं की ती हौस म्हणूनच करते का? आणि तुमची घरची कोण श्रीखंड घेऊन रात्री दहापर्यंत बसते तेही विचारा एकदा. तिचा समतोल कुठे मांडलात हिशेबात?

भाडेकरू_कायमचा:

ताईंना माझ्याकडून एक कडक चहा. पण माझा प्रश्न तसाच लोंबकळतोय. रिन्यूअलचे पैसे कशाचे? मी हिशेब काढलाय. भाडं 25 हजार, डिपॉझिट 1 लाख, मुदत 11 महिने. लिव्ह अँड लायसन्सचं, म्हणजे भाडेकराराचं, मुद्रांक शुल्क 0.25 टक्के, डिपॉझिटवरचं 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवून जातं 700 च्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. झाले 1,700. वर किरकोळ हाताळणी खर्च. साहेबांनी मागितले साडेबारा हजार. मधल्या दहा हजारांची मांडणी करून दाखवा, मी आनंदाने देईन.

हिशेबी_माणूस:

(ताई, पगाराचा विषय सोडतो. नऊला फोन बंद करून पुण्यात रिसेल होत नाही, हे मात्र सोडत नाही.)

भाडेकरूसाहेब, मधल्या अकरा महिन्यांत गीझर बिघडला तेव्हा फोन कोणाला केला होता? मालक डिपॉझिट वाढवायचं म्हणाला तेव्हा मध्ये कोण पडलं? त्याचं बिल लावलं होतं का?

भाडेकरू_कायमचा:

गीझरवाल्याला मीच पैसे दिले. तुमच्या जातभाईने फक्त 'मालकांशी बोलून घ्या' एवढं सांगितलं. आणि डिपॉझिट वाढवायचं मालकाच्या डोक्यात भरवलं कोणी? 'मार्केट वर गेलंय सर' हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय.

एडिसनचा_मालक:

न्यू जर्सीतून लिहितोय. खराडीत माझा फ्लॅट आहे, तेव्हा मालकांच्या बाजूचंही ऐका. माझा एजंट अर्धं भाडं घेतो आणि मी बिनतक्रार देतो. भाडेकरू गेल्यावर फ्लॅट उघडून नळ तपासणं, रंगारी आणणं, महावितरणचं थकलेलं बिल जुन्या भाडेकरूकडून वसूल करणं, हे मी इथून कसं करणार? शिवाय माझ्यासारख्या अनिवासी मालकाला भाडं देताना भाडेकरूने 31.2 टक्के टीडीएस कापून भरायचा असतो. हे निम्म्या भाडेकरूंना ठाऊक नसतं. माझ्या एजंटने आधीच्या पोराला बसवून ते समजावलं, नाहीतर नोटीस त्यालाच आली असती.

भाडेकरू_कायमचा:

अहो काका, मग त्याचे पैसे तुम्हीच द्या ना! काम तुमचं, सोय तुमची, बिल माझ्या नावावर का? भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 वाचा. करार नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात, उलट सिद्ध करायची पाळी मालकावर येते. म्हणजे नोंदणीची गरज तुम्हाला जास्त.

एडिसनचा_मालक:

कलम माहीत आहे. फ्लॅट पसंत नसेल तर सोडा, रांगेत दुसरे आहेत.

भाडेकरू_कायमचा:

हेच. हाच तो सूर. एवढ्या लांब जाऊनही गेला नाही.

सेक्रेटरी_बी_विंग:

कोणाच्या समृद्धीशी मला देणंघेणं नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. हे एजंट लोक मालकाची किल्ली गेटवरच्या वॉचमनकडे ठेवतात. का? वॉचमनला प्रत्येक गिऱ्हाइकामागे काही मिळतं म्हणून तो दिवसभर फ्लॅट दाखवत फिरतो आणि गेट उघडं पडतं. मागच्या महिन्यात आमच्याकडे एका बंद फ्लॅटमध्ये चार पोरं क्रिकेटची मॅच बघत बसलेली सापडली, मालक नाशिकला. एजंटला फोन केला तर म्हणाला, 'सर, ते बघायला आले होते, आवडला असेल.' भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात दिली का विचारलं तर कॉल कट. व्हिजिटर पार्किंगमध्ये यांची गाडी मात्र रोज.

डोंबिवलीची_ताई:

सेक्रेटरीसाहेब, किल्ली गेटवर ठेवणं चूकच, मी ठेवत नाही. पण तुमच्यासारख्या सोसायट्यांमध्येच 'बॅचलर नको, मासे खाणारे नकोत, रात्रपाळीवाली मुलगी नको' असे तोंडी फतवे निघतात आणि ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचं काम आमच्या गळ्यात येतं. शिव्या आम्ही खातो.

सेक्रेटरी_बी_विंग:

आमच्या सोसायटीत माशांना बंदी नाही. वास जिन्यात येऊ नये एवढंच म्हणणं आहे.

स्वतःचा_बॉस:

बघा, विषय कुठल्या कुठे गेला. नकारात्मक लोकांच्या धाग्यावर हेच होतं. ज्याला शिकायचंय त्याने माझ्याकडे बघावं, ज्याला रडायचंय त्याने इथे बसावं.

हिशेबी_माणूस:

बघतो ना. एवढंच सांगा, गेल्या दसऱ्याला केलेल्या बुकिंगचे किती पैसे आज खात्यात जमा आहेत आणि किती 'प्रोसेसमध्ये' आहेत? आणि पोरांना सांगताना हेही सांगा की एजंटला महारेराची (रेराचं राज्यातलं प्राधिकरण) नोंदणी लागते, 2023 पासून प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झालीय, प्रोजेक्टची नोंदणी नसताना त्यातला फ्लॅट विकला तर दंड दिवसाला 10 हजार. तुमच्या पोस्टमध्ये पहाटेचे पाच आहेत, यातलं काहीच नाही.

स्वतःचा_बॉस:

ती परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालोय. पैसे थोडे अडकलेत, कोणाचे नसतात? म्हणून काय आयुष्य समृद्ध नाही असं होतं का?

हिशेबी_माणूस:

'थोडे अडकलेत.' एवढंच पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर मी रविवारची दुपार घालवली नसती.

स्वतःचा_बॉस:

रविवारची दुपार मोकळी मिळाली का? अभिनंदन, समतोल साधला तुम्ही.

भाडेकरू_कायमचा:

माझ्या साडेबारा हजारांचं कोणीच बोलत नाही.

डोंबिवलीची_ताई:

मी सांगते. तोच भाडेकरू राहणार असेल तर मी रिन्यूअलची दलाली घेत नाही. करार बनवणं, घरी येऊन दोघांचे थंब घेणं, याचे ठरलेले पैसे घेते. पण दलालीचा दर कायद्याने कुठे बांधलेला नाही, आणि रेरा घरविक्रीच्या एजंटांसाठी आहे, भाड्याची दलाली त्यात येत नाही. त्यामुळे पहिल्या दिवशीच बोलून घ्यायचं असतं. तुम्ही घेतलंत का?

भाडेकरू_कायमचा:

नाही घेतलं. तेव्हा एजंट 'सर, आपलेच आहात' म्हणाला होता. या वेळी सरकारी साइटवर मीच करार करणार.

हिशेबी_माणूस:

जरूर करा. मालकाचे ठसे मशीनवर उमटेनात की मग मात्र मला फोन करू नका.

भाडेकरू_कायमचा:

तुम्हाला कशाला करीन? ताईंना बोलावीन.

डोंबिवलीची_ताई:

बाणेरला यायचं तर गाडीभाडं वेगळं पडेल. आणि नऊच्या आत.

सेक्रेटरी_बी_विंग:

करार कोणीही करा, त्याची एक प्रत सोसायटी ऑफिसात जमा करा. आणि किल्ली गेटवर ठेवू नका, हे तिसऱ्यांदा सांगतोय.