मुलांच्या गाण्यांच्या पुस्तकांत चित्र सुरांच्या ओळींपर्यंत कसे पोहोचले?

प्रश्न
जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान यांनी १८४८ साली मुलांसाठी पियानोच्या ४३ रचनांचा संग्रह केला. त्याच्या शीर्षकपानावर चित्रकार लुडविग रिख्टर यांची छोटी छोटी चित्रे दाटीने मांडलेली आहेत, आतल्या पानांवर मात्र नुसती स्वरलिपी आहे. पुढच्या काळातील पुस्तकांत चित्रे थेट सुरांच्या ओळींभोवती येतात. हा बदल कशामुळे झाला, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १
मूळ अडचण छपाईची होती. स्वरलिपी मऊ धातूच्या पत्र्यावर ठसे ठोकून आणि रेषा कोरून तयार होत असे. चित्र मात्र दुसराच कारागीर बहुधा लाकडावर किंवा तांब्यावर कोरीत असल्यामुळे, दोन्ही एका पानावर आणणे खर्चाचे आणि कटकटीचे होते. शिळाछापात, म्हणजे दगडावरून छापण्याच्या तंत्रात, सूर आणि चित्र एकाच दगडावर रेखाटता येऊ लागले. आलोइस झेनेफेल्डर यांनी १७९६च्या सुमारास हे तंत्र शोधले, तेव्हा त्यांनी सुरुवातीला जे छापले त्यात स्वरलिपी होती, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

उत्तर २
यात इंग्रज चित्रकार वॉल्टर क्रेन यांचे १८७७चे ‘द बेबीज ऑपेरा’ हे बालगीतांचे सचित्र पुस्तक विसरता येणार नाही. चाली त्यांची बहीण ल्युसी यांनी बसवल्या होत्या, तर रंगीत छपाई लंडनच्या एडमंड इव्हान्स यांची होती. प्रत्येक गाण्याच्या सुरांना नक्षीदार चौकट आहे, त्यामुळे उघडलेले पान एकसंध दिसते. छप्पन्न पानांच्या, सोनेरी मुलामा नसलेल्या पुस्तकाला पाच शिलिंग कोण देणार, अशी शंका विक्रेत्यांनी काढली होती. प्रत्यक्षात पहिल्या १०,००० प्रती पुरल्या नाहीत.

उत्तर ३
वरील दोन्ही मुद्दे मान्य आहेत. परंतु चित्राला केवळ सजावट मानले, तर या पुस्तकांचा अर्धा अर्थ हातातून निसटतो, असे मला मनापासून वाटते. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीडरिश फ्रोबेल यांच्या १८४४च्या मातृगीतांच्या पुस्तकात बोटांच्या खेळांसाठी हाताची ठेवण रेखाटून दाखवली आहे, कारण आईला गाता गाता बोटे कशी वळवायची हे कळायला हवे होते. फ्रेंच चित्रकार मॉरिस बूते द मोंवेल यांनी १८८३ साली जुनी फ्रेंच गाणी चितारली, ज्यांची पियानोसाथ संगीतकार विडोर यांची आहे. त्यांपैकीच आविन्यों येथील पुलावरच्या नाचाच्या लोकप्रिय फ्रेंच गाण्यात ‘पुरुष असे करतात, स्त्रिया अशा करतात’ एवढेच शब्द येतात. ‘असे’ म्हणजे कसे, हे पाश्चात्त्य स्वरलिपीत सूर मांडायच्या पाच रेषा सांगू शकत नाहीत. ते चित्रालाच सांगावे लागते.