भरतकामाच्या लड्या क्रमांकानुसार लावाव्यात की रंगानुसार?

दसुतीवाली: नमस्कार. आमच्या आत्यांनी अनेक वर्षे जमवलेल्या भरतकामाच्या लड्या आता माझ्याकडे आल्या आहेत. अँकर आणि डीएमसी या दोन्ही कंपन्यांच्या लड्या एकत्र मिसळलेल्या असून पुष्कळ लड्यांवरील कागदी पट्टी निघून गेली आहे. त्या कशा लावाव्यात आणि पट्टी नसलेल्यांचे काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. पुढे दसुतीच्या कापडावर फुलीच्या टाक्याचे मोठे काम करण्याचा विचार आहे.

उलटी टीप: सर्वप्रथम दोन्ही कंपन्यांच्या लड्या वेगळ्या कराव्यात, कारण त्यांचे क्रमांक एकमेकांशी जुळत नाहीत, काळा रंग डीएमसीमध्ये ३१० आहे, तर अँकरमध्ये ४०३. अँकरचे क्रमांक बव्हंशी रंगांच्या गटांनुसार दिलेले असल्याने क्रमाने लावले की करड्या छटा ४०० च्या आसपास येतात आणि त्यांच्या शेजारीच काळा बसतो. (एक हजारापुढचे क्रमांक ही शिस्त पाळत नाहीत.) डीएमसीचे तसे नाही. तिथे ३२१ लाल आहे आणि ३२२ निळा, त्यामुळे क्रमांकाने लावलेल्या डब्यात हवी ती लडी चटकन सापडते, परंतु शेजारची छटा निवडता येत नाही. छापील तक्त्यावरून भरणार असाल तर क्रमांकच सोयीचा. मनाने रंग जुळवणार असाल तर रंगानुसार लावा.

साखळी टाका: वरील मताशी सहमत आहे, मात्र दोन कंपन्यांचे क्रमांक जुळवून दाखवणाऱ्या तक्त्यांवर फार विसंबू नये. ते जवळची छटा सांगतात, तीच छटा नव्हे. पार्श्वभूमीसारखा मोठा भाग भरायचा असेल, तर एकाच रंगणीच्या, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या, लड्या एकदम घ्याव्यात, कारण एकाच क्रमांकाच्या दोन रंगण्यांतही किंचित फरक पडतो आणि तो टाके भरून झाल्यावरच डोळ्यांत खुपतो. साधारण ८ मीटरची सहापदरी लडी पुठ्ठ्याच्या कार्डावर गुंडाळल्यास गुंता होत नाही. कार्डावर क्रमांक त्याच वेळी लिहावा. फार घट्ट गुंडाळल्यास दोऱ्याला घड्या पडतात.

गाठीचा टाका: पट्टी नसलेल्या लड्या रंगानुसार वेगळ्या ठेवाव्यात आणि मोठ्या कामात घेऊ नयेत, कारण त्या संपल्यावर तीच छटा पुन्हा मिळवणे कठीण असते. जुना दोरा हाताने ताणून पाहावा. पटकन तुटला तर तो भरायला घेऊ नये. लाल, गडद निळा आणि काळा दोरा ओल्या पांढऱ्या सुती फडक्यात थोडा वेळ दाबून ठेवल्यास रंग जातो की नाही ते कळते. फार चमकणारा आणि निसरडा दोरा रेयॉनचा असू शकतो. तो जाळून ओळखण्याचा सल्ला काही जण देतात, पण रेयॉनही सुताप्रमाणे कागदासारखाच जळतो, तेव्हा त्या खटपटीत पडू नये.

दसुतीवाली: सर्वांचे आभार. माझा नमुना डीएमसीच्या तक्त्यावरचा आहे, तेव्हा त्या लड्या क्रमांकाने लावते, अँकरच्या लड्यांचा डबा वेगळा करते आणि लाल दोऱ्यांची परीक्षा आधी घेते.