ठरवून सिझेरियन आहे, नंतरच्या दिवसांची खरीखुरी कल्पना हवी आहे

रानजाई

दुसरी खेप आहे. पहिली डिलिव्हरी नॉर्मल झाली होती. यावेळी बाळ पायाळू निघालं. डॉक्टरांनी पोटावरून हाताने फिरवून बघितलं, पण स्वारी ढिम्म हलली नाही. त्यामुळे ३९ आठवडे पूर्ण झाले की सिझेरियन, तारीखसुद्धा ठरली आहे.

ऑपरेशनची फार धास्ती नाही. धास्ती आहे ती नंतरची, कारण त्याबद्दल कोणी धड सांगतच नाही. विचारलं की एकच उत्तर, "सहा आठवड्यांत पहिल्यासारख्या हिंडूफिरू लागाल." अहो, पण त्या सहा आठवड्यांतला दुसरा दिवस कसा असतो, दहावा कसा असतो? ओळखीतली एकजण म्हणते, "काही होत नाही गं, उगाच बाऊ करतात." दुसरी म्हणते, "मला कूस बदलायलाही माणूस लागायचा." दोघींचंही खरं असेल, पण मी तयारी कुठल्या हिशोबाने करू?

मुख्य प्रश्न असे. पहिल्यांदा उठणं आणि संडासला जाणं कितपत अवघड असतं? सिझेरियनमध्ये आतून सगळं साफ करतात म्हणून नंतर अंगावरून जात नाही असं ऐकलं, खरं आहे का? टाके ओढले जात असताना बाळाला पाजायचं कसं? मोठा अडीच वर्षांचा आहे आणि दिवसभर "कडेवर घे" चालू असतं, त्याचं काय करू? आणि नवऱ्याला थोडीच रजा मिळणार आहे, ती नेमकी कधी घ्यावी?

"सगळं छान होईल" असे प्रतिसाद प्रेमाने वाचेन, पण तपशील दिलेत तर जास्त बरं वाटेल.

ओली_वाट

माझी दोन्ही सिझेरियन. पहिलं कळा देऊन दमल्यावर ऐनवेळी ठरलेलं, दुसरं तुझ्यासारखं ठरवून. दुसऱ्यातून सावरणं बरंच सोपं गेलं, कारण अंगात त्राण शिल्लक होतं. तुझ्या ओळखीतल्या दोघींच्या सांगण्यात फरक आहे तो बहुधा यामुळेच. त्यांना विचारून बघ, कोणाचं कसं झालं होतं ते.

पहिला दिवस सांगते. कमरेखाली बधिर असतं, त्यामुळे दुखत नाही, पण पाय आपले नाहीतच असं वाटतं. दात वाजतील इतकी थंडी भरते, खोली गार नसली तरी. घाबरू नकोस, ते भुलेमुळे होतं आणि ओसरतं. आणि नाक! माझं नाक अक्षरशः दिवसभर खाजत होतं. भुलेच्या इंजेक्शनबरोबर दुखणं थांबवायचं जे औषध देतात त्याने खाज येते. फार झालं तर सांगायचं, त्यावर औषध असतं. लघवीची नळी लावलेली असते, त्यामुळे पहिले काही तास तो प्रश्नच येत नाही. हाताला सलाईन, पायात घट्ट मोजे. एकूण काय, पडून राहायचं आणि बाळाला छातीवर घ्यायचं.

खरी परीक्षा पहिल्यांदा उठताना. भूल उतरली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी उठवतात. सरळ उठून बसायचा प्रयत्न करायचा नाही. गुडघे वाकव, पूर्ण कुशीवर वळ, पाय पलंगाखाली सोड आणि त्याच वेळी खालच्या हाताच्या कोपराने अंग वर ढकल. पोटाला काही करू द्यायचं नाही, सगळं काम हातांचं. मग दोन मिनिटं काठावर बसून राहा, चक्कर येते. उभी राहिलीस की पुढे वाकून चालावंसं वाटेल, टाके उसवतील की काय असं वाटतं. उसवत नाहीत. हळूहळू सरळ हो. पहिल्या फेरीत मला रडू आलं होतं, संध्याकाळच्या फेरीत मी नर्सशी गप्पा मारत होते. इतक्या झपाट्याने फरक पडतो.

एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती ती म्हणजे गॅस. टाक्यांपेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या गॅसने जास्त छळलं. पोट ढोलासारखं फुगतं, कधी खांद्यात कळ येते आणि आपल्याला वाटतं हे काय नवीन. ऑपरेशननंतर आतडी सुस्तावतात. चालणं हाच उपाय. डॉक्टरांची हरकत नसेल तर च्युइंगगम चघळ, आतडी लवकर कामाला लागतात. मला हसू आलं होतं ऐकून, पण उपयोग झाला.

खोकला, शिंक, हसू आलं की उशी पोटावर दाबून धर. आणि विनोदी माणसांना पहिला आठवडा भेटायला येऊ देऊ नकोस, हे मी गंभीरपणे सांगतेय.

खिडकीशेजारी

बाकी सगळं ठीक, पण कमरेतल्या त्या इंजेक्शनपासून जरा जपून. माझी कंबर तेव्हापासून जी धरली ती आजतागायत. सगळ्याच जणी सांगतात हे.

निशिगंध२

प्रसूती वॉर्डात नर्स आहे, बरीच वर्षं. ओली_वाट यांनी उठण्याची पद्धत अगदी बरोबर सांगितली आहे.

आधी कंबरेचं. सुई टोचली तिथे काही दिवस ठणकतं, हे खरं. पण वर्षानुवर्षं टिकणारी कंबरदुखी त्या सुईमुळे होत नाही, अभ्यासांत तसा संबंध आढळलेला नाही. खिडकीशेजारी ताई, तुमचं दुखणं खोटं आहे असं अजिबात म्हणत नाही. गरोदरपणात सैल झालेले सांधे, ताणलेले पोटाचे स्नायू आणि दिवसभर वाकून बाळाला घेणं, पाजणं, यातून कंबर धरते. नॉर्मल झालेल्यांचीही धरते. फिजिओथेरपिस्टला जरूर दाखवा, सुईला दोष देऊन सोसत बसू नका. त्या सुईमुळे होऊ शकणारी गोष्ट वेगळी आहे. पहिल्या काही दिवसांत असं डोकं दुखतं की बसलं-उभं राहिलं की असह्य आणि आडवं झालं की कमी. असं झालं तर लगेच कळवायचं, त्यावर इलाज आहे.

आता अंगावरून जाण्याबद्दल. जातं! वार गर्भाशयाला जिथे चिकटलेली असते तिथे जखम राहते, बाळ कुठूनही बाहेर येवो. चार ते सहा आठवडे हळूहळू कमी होत जातं. लाल, मग तपकिरी, मग पिवळसर. उठून उभं राहिल्यावर एकदम भळकन आल्यासारखं वाटतं, ते साचलेलं असतं. जास्त चाललात तर पुन्हा लाल होतं, म्हणजे शरीर सांगतंय, बस. पॅडच वापरायचं, टॅम्पॉन नाही. तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल किंवा मोठाल्या गाठी पडत असतील तर वाट बघायची नाही, दवाखाना गाठायचा.

आणि रानजाई, तुमची दुसरी खेप आहे म्हणून सांगते. पाजताना ओटीपोटात कळा येतील, पहिल्यापेक्षा जोरात. गर्भाशय आकसतं त्याच्या त्या कळा. टाक्यांना काही झालं असं समजू नका.

दुखण्याच्या गोळ्यांबद्दल माझं रोज भांडण होतं. बायका म्हणतात, "सहन होतंय, कशाला गोळी?" मग दुखणं वाढतं, त्या हलत नाहीत, हललं नाही की गॅस वाढतो, पोटऱ्यांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोकाही वाढतो. पहिले काही दिवस लिहून दिलेल्या गोळ्या घड्याळ लावून घ्यायच्या, दुखायची वाट बघून नाही. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन पाजणाऱ्या आईला चालतं. कोडीन असलेली गोळी मात्र पाजताना टाळतात. आपल्या मनाने कपाटातली कुठलीही गोळी घेऊ नका.

संडासची भीती सगळ्यांना असते. पहिली वेळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी येऊ शकते, त्यात काळजीचं काही नाही. भरपूर पाणी, पायाखाली छोटं स्टूल, जखमेवर घडी केलेला टॉवेल हाताने दाबून धरायचा, आणि कुंथायचं नाही. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनीही खडा होतो. पोट मऊ ठेवणारं औषध स्वतःहून मागून घ्या, राऊंडला विसरतात.

टाका साधारण १० ते २० सेंटीमीटरचा, आडवा, अंतर्वस्त्राच्या रेषेखाली लपेल असा. रोज साध्या पाण्याने धुवायचा, चोळायचा नाही, टिपून कोरडा करायचा. पोटाची घडी त्यावर पडत असेल तर दिवसातून दोनदा आडवं होऊन हवा लागू द्या. आरशात बघा किंवा नवऱ्याला बघायला सांगा. लाली पसरतेय, पाणी किंवा पू येतोय, वास येतोय, कड उघडतेय, ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर जातोय, तर त्याच दिवशी दाखवायचं. एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, धाप लागली किंवा छातीत दुखलं तर रात्र असली तरी निघायचं. दोन्ही पाय सारखे सुजणं वेगळं. ते पहिल्या आठवड्यात बहुतेकींना होतं, सलाईनने आणि गरोदरपणातल्या साठलेल्या पाण्याने. उतरतं.

हेही लक्षात असू द्या की डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं हे रक्तदाब वाढल्याचं लक्षण बाळंतपणानंतर काही आठवड्यांपर्यंत दिसू शकतं. आधी कधी बीपी नव्हतं म्हणून दुर्लक्ष करू नका.

खिडकीशेजारी

फिजिओचं लक्षात ठेवते. मला आजवर कोणी पाठवलंच नव्हतं.

बाबा_पुन्हा

रजेबद्दल मी सांगतो. ऑपरेशनच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सोबत हवीच. पण दवाखान्यात साधारण दोन ते चार दिवस असतात आणि तिथे नर्स असतात, घंटा वाजवली की कोणीतरी येतं. घरी तशी घंटा नसते. त्यामुळे मोठी रजा घरी आल्यानंतरची ठेवा. दुसरा आठवडा सगळ्यात फसवा. बायकोला बरं वाटायला लागतं, दुखणं कमी होतं, आणि ती धुण्याची बादली उचलायला जाते. आमच्याकडे माझं मुख्य काम "ठेव ते खाली" म्हणणं हेच होतं.

रात्रीची वाटणी अशी करा. बाळ रडलं की उठायचं तुम्ही. पाळण्यातून काढायचं, लंगोट बदलायचा, तिच्या हातात द्यायचं, पाजून झालं की परत घेऊन ढेकर काढायची. तिचं उठणं-वळणं एका रात्रीत जितकं वाचेल तितकी सकाळ बरी जाते. पाण्याची बाटली, गोळ्या, फोनचा चार्जर, पॅड हे सगळं पलंगावरून वाकावं न लागता हाताशी येईल असं ठेवा. पलंग खूप खाली असेल तर उठताना जीव जातो, हे आधीच बसून बघा.

अजून एक. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास ती काही कारण नसताना रडेल. उपाय सुचवायला जाऊ नका, शेजारी बसा. पण दोन आठवडे झाले तरी उतरलं नाही, बाळाकडे बघावंसंच वाटत नाही, झोप मिळूनही झोप येत नाही, असं असेल तर तिच्यासाठी डॉक्टरांची वेळ तुम्ही घ्या. त्या अवस्थेत ती स्वतः फोन करणार नाही.

रानजाई

बाप रे, एवढं सगळं एका दिवसात! नवऱ्याला धागा वाचायला दिला, "ठेव ते खाली" पाठ करतोय.

मोठ्याचं आणि पाजण्याचं अजून राहिलं. त्याला अजिबात उचलायचं नाही का? तो समजून घेणाऱ्यातला नाही.

ओली_वाट

नाही उचलायचं. सहा आठवडे बाळापेक्षा जड काहीच नाही. पण "आईला बाऊ झालाय, लांब राहा" असं सांगू नकोस, माझा मोठा त्याने बाळावरच राग काढायला लागला. तू खाली बस किंवा सोफ्यावर बस आणि त्याला स्वतः चढून तुझ्या बाजूला येऊ दे. पोटावर उशी ठेव, लाथ बसतेच. ही सवय आतापासूनच लाव, म्हणजे उचलणं बंद झालं ते बाळामुळे असं त्याच्या डोक्यात बसणार नाही. पायऱ्या असलेलं एक छोटं स्टूल पलंगाशी ठेव.

पाजायला दोन पद्धती. एक म्हणजे कुशीवर झोपून, बाळ समोर, मध्ये टाक्यावर गुंडाळलेला टॉवेल. दुसरी, बाळाला काखेखाली धरायचं, त्याचे पाय तुझ्या पाठीमागे, डोकं तुझ्या तळव्यात. यात पोटावर भार येत नाही. पहिल्यांदा नर्सला शेजारी उभं राहून दाखवायला सांग, वाचून जमत नाही ते. दूध उतरायला तुला पहिल्या वेळेपेक्षा एखादा दिवस जास्त लागू शकतो. तोवर चीक थेंब थेंब येतो, तो पुरतो. वारंवार लावत राहा आणि ओल्या लंगोटांकडे लक्ष ठेव.

टाक्याच्या वरची कातडी कित्येक महिने बधिर राहते, माझी थोडी अजूनही आहे. त्रास काही नाही, पण कपडे घासले की विचित्र वाटतं. कमरेचं इलॅस्टिक टाक्यावर येणार नाही अशी मोठी, उंच अंतर्वस्त्रं आणून ठेव.

निशिगंध२

पोटाच्या व्यायामाची घाई नको. नळी काढल्यानंतर लघवी रोखल्यासारखे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम मात्र सुरू करता येतो. पोटाला पट्टा बांधल्याने चालताना आधार वाटतो, पोट आत जाईल या आशेने बांधू नका.

गाडी चालवायचं विचारलं नाहीत, पण विचाराल. अचानक जोरात ब्रेक दाबताना पोटात कळ येत नाही अशी खात्री झाल्यावरच. काहींना सहा आठवडे लागतात. शरीरसंबंधांचंही तसंच, दुखणं आणि अंगावरून जाणं थांबल्यावर, पण साधनांचा विचार आधीच करून ठेवा. पाळी यायच्या आधीसुद्धा, अगदी तीन आठवड्यांनंतर दिवस जाऊ शकतात.

रानजाई

शेवटचं विचारते. आदल्या दिवशी घरूनच केस वगैरे काढून जायचं का? आणि पोट रिकामं किती वेळ?

निशिगंध२

घरी रेझर फिरवू नका. बारीक काप पडतात आणि जखम चिघळायचा धोका वाढतो. गरज असेल तर तिथे क्लिपरने काढतील. खाणं साधारण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळी वेळ दिली असेल तर तीच पाळा. नेलपॉलिश काढून जा, ऑक्सिजन मोजायची क्लिप बोटाला लावतात. अंगठीही घरीच ठेवा, हात सुजतात.