भाचीच्या पर्यटक करावरच्या लेखावर अभिप्राय कसा देऊ? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझी भाची कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी पर्यटक करावर लेख लिहिते आहे. पहिला खर्डा पाठवून म्हणाली, "मावशी, अगदी मोकळेपणानं सांग." मागे एकदा तिच्या निबंधावर मी लाल पेनाने इतकं लिहिलं, की पुढे वर्षभर तिने मला काही दाखवलंच नाही. ते मला अजून लागून राहिलंय. म्हणून या वेळी आधी इथे विचारते.

लेखाची सुरुवात फार सुंदर आहे. माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडी लावून बाबा प्रवासी कराची पावती फाडतात आणि तिला प्रश्न पडतो, डोंगरावर चालायचे पैसे कसले? पण तिथून लेख थेट व्हेनिसला जातो आणि घसरतो. "व्हेनिसने प्रत्येक पर्यटकाला पाच युरो कर लावला आणि गर्दी ओसरली," असं तिने लिहिलंय. २५ एप्रिल २०२४ पासूनचं ते शुल्क सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांसाठी आहे, तेही ठरावीक दिवशीच. जो शहरात मुक्काम करतो तो दर रात्रीचा वेगळा कर भरतोच, त्याला हे पाच युरो माफ. पहिल्या वर्षी असे २९ दिवस होते. २०२५ मध्ये ते ५४ केले आणि आयत्या वेळी नोंदणी करणाऱ्याला १० युरो. गर्दी खरंच ओसरली असती तर एवढं वाढवलं असतं का?

भूतानचंही तसंच. रात्रीचे २०० डॉलर लिहिलेत, ते सप्टेंबर २०२३ मध्येच १०० झाले. आणि आपल्या वाचकाला हवी ती गोष्ट, भारतीयांना रात्रीचे १,२०० रुपये पडतात, ती लेखात नाहीच.

हे सगळं सांगायचंच आहे. पण सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद:
ताई, मी बरीच वर्षं एका साप्ताहिकात मजकूर तपासायचो. सगळं एकदम सांगू नका. तिला एकच काम द्या: प्रत्येक गावापुढे लिही, कर कोण भरतं, दिवसभरासाठी येणारा की मुक्कामी? व्हेनिसची चूक तिची तिलाच सापडेल. भूतानचे आकडे मात्र सरळ सांगा, दर बदलतात, त्यात तिला वाईट वाटायचं कारण नाही. आणि माथेरानचा परिच्छेद का आवडला ते नेमकं सांगा, नुसतं "छान" नको.

धागाकर्ती:
मनापासून आभार. तसंच केलं. रात्री तिचा फोन आला, "मावशी, व्हेनिसचं मी चुकीचं लिहिलंय ना?" आता तिनेच मला विचारलंय, की माथेरानला नाक्यावर माणशी कर घेतात, मग संध्याकाळी उतरणारा आणि चार दिवस राहणारा सारखेच पैसे का भरतात? इथे माथेरानचं कुणी आहे का?